स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाला सोबत द्यायचीये? मग अशी सुरुवात करा

स्किझोफ्रेनिया म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, भलतेच संशय येणं असा मनाचा आजार. तो बहुतेकदा विशीच्या आसपास सुरू होतो, म्हणजे कॉलेज, पहिली नोकरी, मित्र जमायचं वय. मित्र तेव्हाच तुटतात. पुढे औषधं लागू पडतात, ते आवाज कमी होतात, घरचे म्हणतात आता बरंय, पण आईवडील आणि डॉक्टर सोडले तर त्या माणसाशी गप्पा मारायला वर्षानुवर्षं कोणी आलेलंच नसतं. ही जागा भरायला आठवड्यातून एक तास नेमाने येणारा साधा माणूस लागतो, आणि ते काम तुम्हीआम्ही नक्की करू शकतो.

१. आधी कोणाशी तरी जोडून घ्या
एकट्याने उठून कोणाच्या घरी जाऊ नका. ठाण्यात १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून काम करतेय, अशा ठिकाणी सोशल वर्करला भेटून विचारा की स्वयंसेवक लागतात का, ट्रेनिंग मिळेल का, काही अडलं तर फोन कोणाला करायचा. ओळखीतलंच कोणी असेल तर घरच्यांमार्फत जा, पण घरच्यांचा होकार म्हणजे त्या माणसाचा होकार नाही. त्याला स्वतःला विचारलंच पाहिजे, आणि तो नको म्हणाला तर नको.

२. पहिली भेट छोटी ठेवा
वीस मिनिटं, चहा, बस. वयाने मोठे असतील तर काका, ताई, जे तुम्ही एरवी म्हणाल तेच म्हणा. समोर बसलेल्या माणसाला सोडून त्याच्या आईला "जेवतो का हा नीट?" असं विचारू नका, हे फार लागतं. नोकरीचं काय, लग्नाचं काय हे तर अजिबात नको, ते विचारणारे नातेवाईक आधीच भरपूर असतात.

उत्तरं एका शब्दात येतील, चेहऱ्यावर काही दिसणार नाही. याला कंटाळा समजू नका. बोलणं आणि उत्साह आटणं हा आजाराचाच भाग आहे आणि काही औषधांनी सुस्ती पण येते. गप्प बसणं तुम्हाला जड जातं म्हणून बडबड करू नका.

३. समोरासमोर बसण्यापेक्षा सोबत काहीतरी करा
कॅरम खेळा, भाजी आणा, चालायला जा. ठाण्यातली तलावपाळी संध्याकाळी गजबजलेली असते, आवाज ऐकू येणाऱ्या माणसाला त्यात हॉर्न आणि गर्दी म्हणजे त्रासच, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जा किंवा उपवन तलावाला जा, वाशीकडचे असाल तर मिनी सीशोअर. भल्या पहाटेचा प्लॅन नको, रात्रीच्या गोळ्यांची झोप सकाळी उतरलेली नसते. बरेच जण बाहेर पडणंच विसरलेले असतात, तेव्हा आधी सोसायटीच्या गेटपर्यंत, नंतर कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत, मग कधीतरी टीएमटीच्या बसने दोन स्टॉप. घाई तुमच्या मनात असते, त्यांच्या नाही.

ऐनवेळी "आज नको" असा मेसेज आला तर रागावू नका, "ठीक आहे, पुढच्या बुधवारी येतो" असं लिहा आणि बुधवारी खरंच जा. माझ्या मते या सगळ्या कामात याच्याएवढं महत्त्वाचं काही नाही.

४. भास आणि संशय
"वरच्या मजल्यावरचे माझं बोलणं भिंतीतून ऐकतात" असं कोणी सांगितलं तर वाद घालून ते खोटं ठरवायला जाऊ नका, आणि हो ला हो पण करू नका. भीतीबद्दल बोला: "असं वाटत असेल तर झोप कशी लागत असेल रे?" थेट विचारलंच की तुला पटतंय का, तर खरं सांगा, "मला ते ऐकू येत नाही, पण तुला येतंय आणि त्याचा त्रास होतोय हे मला पटतंय." मग हळूच विषय चहाकडे न्या. हिंसेची भीती खूप जणांना वाटते, पण बहुसंख्य पेशंट हिंसक नसतात, उलट त्यांनाच मारहाण आणि फसवणूक जास्त सोसावी लागते. तरी सुरुवातीच्या भेटी घरचे असताना किंवा बाहेर ठेवा, दोघांनाही मोकळं वाटतं.

५. हद्द पाळा
गोळ्या कमी करा, बंद करा, अमुक काढा घ्या, हे तुमचं काम नाही. पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत. दारू, गांजा सोबत तर नाहीच नाही. फोटो स्टेटसला टाकायचा नाही, सोसायटीत बोलायचं नाही. माहिती गुप्त राहण्याचा हक्क पेशंटला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलाय.

६. कधी सावध व्हायचं
झोप उडाली, जेवण-आंघोळ सुटली, गोळ्या बंद केल्यात असं कळलं, तर घरच्यांना आणि तुमच्या सोशल वर्करला त्याच दिवशी सांगा. मरणाची भाषा आली किंवा आवाज काही करायला सांगतायत असं म्हणाले तर एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, जिवाला धोका दिसला तर थेट ११२ हा आपत्कालीन नंबर.

७. थांबायचं असेल तर
बदली झाली, बाळ झालं, वेळ जमेना, असं होतं. पण गुपचूप गायब होऊ नका, यांच्या आयुष्यातून माणसं तशीच गेलेली असतात. निदान महिनाभर आधी सांगा, कारण सांगा, आणि जमलं तर पुढच्या स्वयंसेवकाला शेवटच्या दोन-तीन भेटींना सोबत घेऊन जा.