खान्देशच्या उन्हात त्वचेवरील उपचारांचे वेळापत्रक कसे आखावे

माझ्या धाकट्या बहिणीने अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येण्याआधी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, चेहऱ्यावर केमिकल पील, म्हणजे औषधी द्रावण लावून त्वचेचा वरचा थर सोलण्याचा उपचार, करून घेतले होते. तिसऱ्या दिवशी ओठांच्या कोपऱ्यांजवळ कांद्याच्या सालीसारखे पातळ पापुद्रे सुटू लागले आणि आतली कोवळी, गुलाबी त्वचा दिसू लागली. त्याच दुपारी ती भुसावळहून जळगावला स्कूटीवर कामाला गेली आणि पुढचे चार दिवसही जात राहिली. आठवडाभरात गालांच्या उंचवट्यांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग उमटले आणि दिवाळी आली तरी ते पुरते गेले नव्हते. पीलचे औषध योग्य होते, प्रमाणही योग्य होते, पण महिना चुकला होता आणि तिचा दिवस कुठे जातो हे तिला कोणी विचारलेच नव्हते. तिच्यासारखा अनुभव दुसऱ्या कोणाला येऊ नये, म्हणून हा लेख लिहीत आहे.

आधी कारण समजून घ्यावे

आपल्या सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी सतत सज्ज असतात. पील, लेसर किंवा मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणे) यांमुळे त्वचेला मुद्दाम थोडी इजा केली जाते, कारण ती भरून येतानाच नवी त्वचा तयार होते. मात्र त्याच इजेमुळे या पेशी चिडतात आणि त्यांवर ऊन पडले की गरजेपेक्षा जास्त रंगद्रव्य तयार करतात. उपचारानंतर उठणारे काळे डाग बहुतेक वेळा असेच येतात. म्हणून उपचाराचा दिवस ठरवताना त्या दिवसाबरोबरच पुढच्या चार आठवड्यांचाही विचार करावा लागतो. वांग (चेहऱ्यावरचे तपकिरी चट्टे) असलेल्यांच्या बाबतीत तर नुसती उष्णताही पुरेशी ठरते. चुलीपुढे किंवा भट्टीजवळ तासन्‌तास बसल्याने वांग गडद होतो, ही गोष्ट घरातल्या बायकांना कोणी सांगत नाही.

पायरी १ : महिना ठरवण्याआधी आपले ऊन मोजावे

पुस्तकी सल्ला असा असतो की, हिवाळ्यात उपचार करावेत. नोकरी बंद खोलीत करणाऱ्यांसाठी तो बरोबर आहे. पण कापूस वेचणीचा मोठा भाग याच हिवाळ्यात येतो, आणि सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत शेतात वाकून असलेल्या बाईला डिसेंबरमध्ये ऊन कमी मिळते असे म्हणणे हास्यास्पद आहे. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत सावली असते, पण घड वाहून रस्त्यावर आणणाऱ्याला ती मिळत नाही. म्हणून एका आठवड्यासाठी वहीत लिहावे की, सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात आपण किती तास उघड्यावर असतो, आणि त्यात गाडीवरचा प्रवासही धरावा. हा आकडा रोज एक-दोन तासांपेक्षा जास्त येत असेल, तर खोल पील आणि त्वचा सोलणारे लेसर हंगाम कोणताही असो टाळावेत. उपचार करायचाच असेल, तर वेचणी उरकल्यावर, घरात राहता येईल असा आठवडा आधी शोधावा.

पायरी २ : दसऱ्याच्या सुमारास डॉक्टरांना दाखवावे

खान्देशात उपचारांचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. पाऊस सरतो, ऑक्टोबरचा उकाडा जाणवू लागतो, आणि थंडी पडायला अजून काही आठवडे असतात. हाच काळ तयारीचा आहे. पील किंवा लेसरच्या आधी साधारण दोन ते चार आठवडे डॉक्टर रात्री लावायचे क्रीम आणि सकाळी सनस्क्रीन देतात, ज्यामुळे रंगपेशी शांत होतात आणि नंतर डाग पडण्याचा धोका कमी होतो. दिवाळीनंतर थेट टेबलावर जाऊन झोपणारे लोक ही पायरी गाळतात, आणि माझ्या मते निम्मे नुकसान तिथेच होते.

या भेटीत काही गोष्टी न विचारता सांगाव्यात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का किंवा गेल्या सहा महिन्यांत घेतल्या होत्या का, ओठांवर नागीण उठते का, जखमेचे व्रण उंच व जाड वाढतात का, गर्भधारणेचा विचार आहे का. आणखी एक गोष्ट बहुतेक जण लपवतात. मेडिकलमधून आणलेले, स्टेरॉइड मिसळलेले गोरे होण्याचे क्रीम महिनोन्‌महिने लावले असेल, तर तेही सांगावे. अशा त्वचेवर पील केले तर आग होते आणि त्वचा भाजल्यासारखी होते, म्हणून ती आधी सावरावी लागते. डॉक्टरांच्या पाटीवर त्वचारोगाची एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल ही पदवी आहे का, हे पाहण्यात संकोच करू नये.

पायरी ३ : शेवटच्या सिटिंगपासून मागे मोजावे

सर्वांत जास्त चुका इथे होतात. एका सिटिंगने काम होत नाही, त्यामुळे शेवटची सिटिंग कधी येईल यावरून पहिलीची तारीख ठरवावी लागते. खान्देशात फेब्रुवारीच्या अखेरीस दुपार तापू लागते आणि एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या घरात जातो. म्हणून चेहऱ्यावरच्या खोल उपचारांची शेवटची सिटिंग जानेवारीअखेर झालेली असावी.

मुरुमांचे खड्डे भरण्यासाठीच्या फ्रॅक्शनल सीओटू लेसरच्या सिटिंगांमध्ये साधारण सहा आठवड्यांचे अंतर ठेवतात. तीन सिटिंग्ज असतील, तर पहिली ७ नोव्हेंबरच्या आसपास, दुसरी १९ डिसेंबरला आणि तिसरी ३० जानेवारीला येते. दोन आठवडे उशीर केला, की तिसरी सिटिंग फेब्रुवारीच्या मध्यावर जाते आणि नव्या त्वचेला मार्चचे ऊन लागते. वरवरच्या ग्लायकोलिक किंवा मँडेलिक पीलमध्ये दोन ते चार आठवड्यांचे अंतर पुरते, त्यामुळे दिवाळीनंतर सुरू केलेल्या चार सिटिंग्ज संक्रांतीच्या मागेपुढे संपतात.

नको असलेल्या केसांसाठीच्या लेसरचा हिशेब मात्र हिवाळ्यात बसत नाही, हे आधीच मान्य करावे. हा किरण केसाच्या मुळातल्या रंगावर काम करतो आणि वाढीच्या अवस्थेत असलेल्या केसांवरच परिणाम करतो, म्हणून सहा ते आठ सिटिंग्ज लागतात. चेहऱ्यासाठी दर चार आठवड्यांनी सहा सिटिंग्ज घेतल्या, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या अखेरीपर्यंतचा काळ लागतो. हातापायांसाठी सहा आठवड्यांचे अंतर धरले, तर मे संपत येतो. यावर दोन उपाय आहेत. काखेसारख्या झाकलेल्या भागांना ऋतूचे बंधन जवळजवळ नसते, तिथले काम कधीही सुरू करावे. आणि चेहऱ्याची सुरुवात शक्य तितकी लवकर करावी. उन्हाने रापलेल्या त्वचेतला रंगही हाच किरण शोषून घेतो आणि चटका बसतो, म्हणून रापलेपणा उतरेपर्यंत थांबावे. सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर तुलनेने सुरक्षित मानतात. कोणते यंत्र वापरणार आणि आधी छोट्या जागेवर चाचणी करणार का, हे विचारावे. सिटिंगांच्या मधल्या काळात वॅक्सिंग आणि थ्रेडिंग बंद ठेवावे, कारण मूळच उपटले तर किरणाला लक्ष्य उरत नाही. वस्तरा चालतो.

पायरी ४ : लग्न आणि सणांच्या तारखा आधी लिहून ठेवाव्यात

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. नवरीची शेवटची पील हळदीच्या किमान तीन-चार आठवडे आधी झालेली असावी, कारण कोवळ्या त्वचेवर हळदीचा लेप झोंबतो आणि पुरळही उठू शकते. लग्नाआधीच्या दोन आठवड्यांत कोणताही नवा उपचार, नवे फेशियल किंवा नवे क्रीम सुरू करू नये. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत दिवसभर फिरायचे असेल, तर त्या आठवड्यात सिटिंग घेऊ नये. तीच काळजी शेतातल्या भरीत पार्टीची. पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या) आगीवर वांगी भाजायचे काम दुसऱ्याकडे द्यावे.

अखाजीच्या सुट्टीत माहेरी आलेल्या मुलींना मोकळा वेळ मिळतो, म्हणून त्या वेळी उपचार करून घेण्याची पद्धत पडली आहे. ती सोडून द्यावी. तो आपल्याकडचा सर्वांत वाईट काळ आहे.

पायरी ५ : उपचारानंतरचे दहा दिवस जपावेत

पापुद्रे ओढू नयेत, ते आपणहून सुटू द्यावेत. बेसन, लिंबू, स्क्रब, ब्लीच आणि वाफ दूर ठेवावी. सौम्य फेसवॉश, डॉक्टरांनी दिलेले मलम आणि साधे मॉइश्चरायझर एवढेच वापरावे. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चे असावे. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून बुडापर्यंत दोन रेघा काढल्यावर जेवढे होते, तेवढे चेहरा आणि मानेला लागते, आणि उघड्यावर असताना दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे. वांग असणाऱ्यांनी आयर्न ऑक्साइड असलेले, रंगीत सनस्क्रीन मागावे, कारण ते दृश्य प्रकाशही अडवते. गाडीवर स्कार्फ बांधायचा असेल तर तो मऊ सुती असावा आणि रोज धुवावा. घामट, खरखरीत स्कार्फ दिवसभर गालावर घासत राहिला, तर त्यानेही डाग पडतात. वेदना वाढली, पू किंवा पिवळी खपली दिसली, फोड आले किंवा काळपटपणा पसरू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

उन्हाळा आणि पावसाळा

मार्च ते मे या काळात चेहऱ्याला विश्रांती द्यावी. मुरुमांची औषधे, सनस्क्रीन आणि त्वचेला ओलावा देणारी साधी फेशियल्स चालू राहू शकतात.

पावसाळ्यात ढगांमुळे ऊन कमी वाटते, पण अतिनील किरण ढगांतूनही येतात. खरी अडचण ओलाव्याची असते. ओले कपडे, दमट हवा आणि घाम यांमुळे नायटा आणि केसांच्या मुळाशी पुटकुळ्या वाढतात, आणि अशा जागी लेसर मारू नये. तेलकट, मुरुमांच्या त्वचेसाठी सॅलिसिलिक पील या दिवसांत डॉक्टर करतात, आणि शेतात न जाणाऱ्यांसाठी तो बरा पर्याय आहे. नायट्यावर मेडिकलवाल्याने दिलेले मिश्र मलम मात्र लावू नये. त्यात बहुधा स्टेरॉइड असते, खाज दोन दिवस थांबते आणि नायटा पसरतो.

यंदाचा नोव्हेंबर हुकला असेल, तर फेब्रुवारीत घाईने सिटिंग घेऊ नये. सनस्क्रीनची सवय आतापासून लावावी, खिडकीजवळ, एकाच वेळी आणि एकाच बाजूने चेहऱ्याचा फोटो दर महिन्याला काढून ठेवावा, आणि पुढच्या दसऱ्याला तो फोटो घेऊन डॉक्टरांकडे जावे.