जर्मनीत नवीन आहात? तिकीट काढण्याआधी गाडी कोणाची ते ओळखा

मुंबईच्या लोकलचा पास बेस्टच्या बसमध्ये चालत नाही, याची आपल्याला सवय असते. जर्मनीत उलट आहे. बस, ट्राम, शहराची मेट्रो म्हणजे ऊ-बान आणि उपनगरी एस-बान, सगळ्यांना एकच तिकीट लागतं. त्यामुळे सगळं एकाच खात्याचं असावं असं वाटतं, आणि तिथेच घोटाळा होतो.

तिकिटाचे दर आणि झोन ठरवतो तो ‘फेरबुंड’, म्हणजे त्या भागातल्या वाहतूकसेवांचा संघ. अशी पहिली संस्था हॅम्बर्गला 1965 साली झाली. म्युनिकची 1972 च्या ऑलिम्पिकच्या वर्षी सुरू झाली. गाड्या मात्र वेगवेगळ्या कंपन्या चालवतात. कुठली बस किती वेळाने धावावी हे जिल्हा किंवा शहर ठरवतं, तर प्रादेशिक रेल्वे 1996 पासून राज्यांच्या अखत्यारीत आहे. बव्हेरियात ते काम बायरिशे आयझेनबानगेझेलशाफ्ट ही राज्याची कंपनी करते. ही माहिती संपाच्या दिवशी उपयोगी पडते. बर्लिनच्या बीव्हीजीत, म्हणजे शहराच्या वाहतूक कंपनीत, संप असला तर ऊ-बान, ट्राम आणि बस बंद, पण एस-बान धावते, कारण ती डॉइच बान या राष्ट्रीय रेल्वे कंपनीची आहे. बातमीत नुसतं ‘संप’ वाचून घरी बसू नका, कोणाचा आहे ते बघा.

आता पास. डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, मे 2023 मध्ये 49 युरोंना सुरू झालं, 2025 मध्ये 58 झालं आणि जानेवारी 2026 पासून 63 आहे. देशभरातल्या बस, ट्राम, ऊ-बान, एस-बान आणि आरबी, आरई या प्रादेशिक गाड्यांत ते चालतं. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत आणि फ्लिक्सबस या खाजगी बसमध्ये चालत नाही. हे दर महिन्याला आपोआप मुदत वाढणारं वर्गणीचं तिकीट आहे. बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवावं लागतं. 11 तारखेला आठवलं तर पुढच्या महिन्याचेही पैसे गेले. सुट्टीत पाच आठवडे भारतात जाणाऱ्यांनी हे कॅलेंडरवर लिहून ठेवावं.

नव्या माणसाची खरी अडचण बँक खात्याची. बरेच विक्रेते आयबान, म्हणजे बँक खात्याचा क्रमांक, मागतात, काही शुफा या पतनोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे पतही तपासतात, आणि शुफात तुमची नोंदच नसते. अशा वेळी क्रेडिट कार्ड घेणाऱ्या विक्रेत्याचं ॲप शोधा. तिकीट देशभर सारखंच असतं, त्यामुळे ॲप तुमच्याच शहराचं असण्याची गरज नाही. महिन्याच्या 20 तारखेला उतरला असाल तर उरलेल्या दिवसांपुरता स्थानिक आठवड्याचा पास स्वस्त पडतो का ते आधी बघा. नोकरीवर रुजू झाल्यावर एचआरकडे ‘जॉबतिकीट’, म्हणजे कंपनीमार्फत मिळणारं हेच तिकीट, विचारा. मालकाने किमान 25 टक्के उचलले तर वर आणखी 5 टक्के सूट मिळते, म्हणजे तुमचा वाटा जास्तीत जास्त 44.10 युरो. विद्यार्थ्यांना विद्यापीठामार्फत ते मूळ किमतीच्या 60 टक्क्यांत मिळतं, पण सगळी विद्यापीठं यात नाहीत.

नाव पासपोर्टप्रमाणेच टाका. आपल्याकडे ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. तिकिटावर भलतंच काही दिसलं तर टीसीशी हुज्जत होते. तिकीट वैयक्तिक असतं, सोबत फोटो असलेलं ओळखपत्र हवंच. 6 वर्षांखालची मुलं फुकट, बाकी कोणाला सोबत नेता येत नाही. आईवडील भेटीला आले असतील तर म्युनिकमध्ये गटाचं दिवसाचं तिकीट घ्या. त्यावर पाच प्रौढ जाऊ शकतात आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी 6 पर्यंत चालतं. विमानतळासाठी मात्र झोन तपासा: म्युनिकचा विमानतळ झोन 5 मध्ये, तर बर्लिनचा झोन सी मध्ये आहे. बर्लिनमध्ये फक्त ए आणि बी झोनच्या तिकिटावर विमानतळ गाठणारे नवखे दंडाचं हमखास गिऱ्हाईक.

फाटक कुठेच नसतं. टीसी बऱ्याचदा साध्या कपड्यांत गाडीत उभे असतात आणि दार बंद झालं की कार्ड दाखवतात. कागदी तिकीट विकत घेणं पुरेसं नसतं. बऱ्याच ठिकाणी फलाटावरच्या किंवा त्याच्या वाटेवरच्या लहान पेटीत शिक्का मारावा लागतो. ॲपमधलं तिकीट गाडीत चढण्याआधी घ्यायचं. टीसी दिसल्यावर घेतलेलं चालत नाही, कारण खरेदीची वेळ त्यांना दिसते. बॅटरी संपली तर तिकीट नाही असंच धरतात. दंड 60 युरो. वैयक्तिक पास घरी विसरला असेल तर पावती घ्या आणि आठवड्याच्या आत पास दाखवा. मग जास्तीत जास्त 7 युरोंवर भागतं. पावती टेबलाच्या खणात टाकून विसरलात तर ते प्रकरण वसुली कंपनीकडे जाऊ शकतं. मुद्दाम विनातिकीट जाणं हा फौजदारी गुन्हाही आहे, आणि व्हिसावर असलेल्या माणसाला ते प्रकरण परवडत नाही.

गाडीत बसतानाही एक डोळा डब्यावरच्या पाटीवर ठेवा. म्युनिकची एस1 नॉयफार्नला दुभंगते, एक भाग विमानतळाला आणि दुसरा फ्रायझिंगला जातो. फलाट बरोबर, गाडी बरोबर, डबा चुकीचा, आणि विमान गेलं! स्थानकावर ‘एसईव्ही’ लिहिलेलं दिसलं तर रुळांचं काम चालू आहे आणि बदली बस बाहेर रस्त्यावर मिळेल. घरून अर्धा तास लवकर निघा.

रेल्वे 60 मिनिटं किंवा त्याहून उशिरा पोहोचली तर डॉइचलांड-तिकिटावर दर वेळी 1.50 युरो भरपाई मिळते. पण 4 युरोंखालची रक्कम देत नाहीत. म्हणून तीन उशीर साठवा आणि एकत्र अर्ज करा, 4.50 युरो मिळतात. रक्कम पोरकट आहे हे खरं. आणि उशीर झाला म्हणून आयसीईत चढण्याची सवलत या तिकिटाला नाही.

घराजवळची बस एस-बान येण्याच्या चार मिनिटं आधीच निघून जात असेल तर चालकाशी बोलून उपयोग नाही, वेळापत्रक त्याच्या हातात नसतं. लांडराट्सआम्ट, म्हणजे जिल्हा कार्यालय, किंवा शहरपालिकेच्या वाहतूक विभागाला लिहा. मार्ग क्रमांक, थांबा, वार, कुठली गाडी चुकते आणि बस किती मिनिटं सरकवावी, एवढंच. नवं वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी लागू होतं, पण कुठली गाडी कधी धावणार याची रेल्वे कंपन्यांची मागणी एप्रिलमध्येच नोंदवली जाते. तेव्हा नोव्हेंबरात पाठवलेलं पत्र त्या वर्षी कामाला येत नाही. जिल्ह्याचा ‘नाफेरकेर्सप्लान’, म्हणजे स्थानिक वाहतुकीचा आराखडा, नव्याने होत असताना सूचना मागवल्या जातात तेव्हा जरूर लिहा, जर्मन मोडकीतोडकी असली तरी.