कुत्र्याचा परवाना काढायचाय? आधी लसीचं पुस्तक नीट करा

पिल्लू आणायचं ठरलं की सगळे पट्टा, साखळी, भांडं घ्यायला धावतात आणि परवान्याची आठवण येते ती गल्लीत कुणी तक्रार केल्यावर. असं करू नका भो. जळगाव, धुळ्याला महापालिका आहे, भुसावळ, अमळनेर, शिरपूर, नंदुरबारला नगरपालिका, तर ज्या हद्दीत घर येतं तिथं आधी एक चक्कर मारा, फॉर्म घ्या, आणि फी किती, सोबत काय जोडायचं, परवाना किती दिवस चालतो हे तिथूनच लिहून आणा, कारण दर ठिकाणी थोडं वेगळं असतं, दुसऱ्या गावच्या मित्राने सांगितलेलं आपल्याकडे चालेलच असं नाही.

कागद फार नसतात. आधार कार्ड, घरपट्टीची पावती नाहीतर लाईट बिल, भाड्याने राहत असाल तर भाडेकरार, आपला फोटो आणि कुत्र्याचे दोन फोटो, एक तोंडाचा आणि एक आडवा, ज्यात अंगावरचे ठिपके-पट्टे नीट दिसतील. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स.

खरं काम आहे ते लसीच्या पुस्तकाचं. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, त्याआधी सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांवरची सुरू होते, म्हणजे आज दीड महिन्याचं पिल्लू आणलं तर रेबीजचा दाखला मिळायलाच दीड महिना जाणार, तो हिशोब धरूनच चाला. विकत घेत असाल तर विकणाऱ्याचा नोंदणी नंबर मागा, कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही.

आमच्या राणीच्या वेळी मी सगळी फाईल घेऊन गेलो, खिडकीवरच्या बाईंनी पुस्तक उघडलं आणि परत दिलं. बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं होतं, बॅच नंबर होता, डॉक्टरांची सहीही होती, पण तारखेचा रकाना कोरा आणि शिक्काच नाही. मे महिन्याचं ऊन, पुन्हा दवाखाना, पुन्हा रांग, अख्खी सुट्टी गेली. म्हणून दवाखान्यातून पाय काढायच्या आधी तिथेच उभं राहून चार गोष्टी बघा: स्टिकर, तारीख, सही आणि नोंदणी नंबर असलेला शिक्का.

अजून एक, आणि हे आपल्या खान्देशात जास्त महत्त्वाचं. लस २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागते आणि बाहेर ४४-४५. डॉक्टरांनी मेडिकलवरून आणायला सांगितली तर खिशात टाकून आणू नका, थर्मासमध्ये बर्फ घ्या, बाटली कागदात गुंडाळून ठेवा म्हणजे बर्फाला थेट लागून गोठणार नाही. कुत्र्याला सकाळी नऊच्या आत न्या, डांबर तापलं की त्याचे पंजे भाजतात, पाण्याची बाटली आणि ओला टॉवेल सोबत असू द्या. घाई नसेल तर २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनाला, बऱ्याच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत फुकट लस देतात, तीही चालते, फक्त दाखला मागून घ्या.

फॉर्ममध्ये जातीच्या रकान्यात गावठी कुत्र्याला सरळ देशी लिहा, त्यात कमीपणा काहीच नाही, आपल्या उन्हात तोच टिकतो. नसबंदी झाली असेल तर तो कागदही जोडा.

शेजाऱ्यांना आधी भेटून या, लहान पोरं असलेल्या घरी तर नक्कीच. सोसायटीला कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, पण निष्काळजीपणाने तो कुणाला चावला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि दिवसभर साखळीला बांधून ठेवायचा असेल तर आणूच नका, मनापासून सांगतो. १९६० च्या कायद्यात, फिरवून न आणता कायम बांधून ठेवणं ही क्रूरताच धरलीय.

परवाना हातात आला की एक झेरॉक्स लसीच्या पुस्तकात ठेवा, पुढच्या वर्षीच्या लसीची तारीख मोबाईलमध्ये टाका, बिल्ला मिळाला तर त्याच दिवशी पट्ट्यात अडकवा, आणि पट्टा गळ्यात दोन बोटं सहज सरकतील इतकाच आवळा.