आरोग्य उपकेंद्रात अडलं तर नेमकी माहिती कशी शोधावी

‘बाळाला ताप आहे, सिरप किती देऊ?’ असं ग्रुपवर विचारलं की तीन जणींची तीन उत्तरं येतात, कारण प्रश्नच अर्धवट असतो. म्हणून आधी वहीत लिहा: वय, आजचं वजन, औषधाचं मूळ नाव आणि बाटलीवर ५ मिलीत किती मिग्रॅ लिहिलंय ते.

पॅरासिटामॉलचंच बघा. एका वेळचा डोस किलोला १५ मिग्रॅ, म्हणजे १० किलोच्या बाळाला १५० मिग्रॅ. ५ मिलीत १२५ मिग्रॅ असलेलं सिरप ६ मिली लागेल, २५० वालं ३ मिली, आणि १ मिलीत १०० मिग्रॅ असलेले ड्रॉप्स फक्त दीड मिली. ड्रॉप्सची बाटली १२५ वालं सिरप समजून ६ मिली मोजली, तर चौपट औषध पोटात जातं. अक्कलकोटकडच्या आया कन्नडमध्ये ‘लाल औषध’ सांगतात. तेवढ्यावर जाऊ नका, घरातली बाटलीच आणायला लावा.

उत्तर शोधताना सुरुवात लेबलापासून करा, मग शासनाची मार्गदर्शक पुस्तिका उघडा. तिचं साल बघायचंच. सांगोला, करमाळ्याच्या वाड्यावस्त्यांवर रेंज जाते, म्हणून पीडीएफ प्राथमिक आरोग्य केंद्रातच उतरवून ठेवा आणि फाइलच्या नावात विषय व वर्ष घाला.

फॉरवर्डवर तारीख आणि पत्र क्रमांक नसेल तर तो वापरूच नका. ‘उघडलेली लस २८ दिवस चालते’ हे वाक्य अर्धंच फिरतं. पेंटा (पाच आजारांची लस), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची), पोलिओच्या थेंबांना ते लागू आहे, तेही शीतसाखळी सांभाळली असेल, म्हणजे लस सतत थंड राहिली असेल, व्हीव्हीएम (लसीला उष्णता लागली का ते दाखवणारी कुपीवरची खूण) ठीक असेल आणि कुपीवर उघडल्याची तारीख-वेळ असेल तरच. बीसीजी (क्षयरोगाची) आणि एमआर (गोवर-रुबेलाची) लस द्रावकात मिसळल्यावर ४ तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, बाद. त्यांत जंतुनाशक नसतं, जंतू वाढले तर बाळाच्या जिवावर बेततं.

तरीही शंका राहिली तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करा आणि वहीतल्या नोंदी वाचून दाखवा. मिळालेला डोस त्यांना परत म्हणून दाखवा. फोनवर ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’मध्ये सहज गफलत होते.

झटके, धाप किंवा सर्पदंश असेल तर मात्र शोधत बसू नका, आधी १०८ लावा.

मिळालेलं उत्तर वहीत उतरवा, शेजारी पुस्तिकेचं पान किंवा सांगणाऱ्याचं पद आणि तारीख लिहा. नवी पुस्तिका आली की जुनी नोंद खोडू नका, एक रेघ मारून खाली नवी लिहा.