सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी फीची पावती शोधा

प्रवेश संपले की बडोद्यातले पालक विचारायला येतात, "सर, ऑटोकॅड केवढ्याला पडेल?" मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. माझं उत्तर ठरलेलं: काही पडत नाही, फीची पावती आणलीत का?

नकाशे काढायचं ऑटोकॅड, इमारतींच्या मॉडेलचं रेव्हिट, यंत्रांचे पार्ट बनवायचं फ्यूजन ही सगळी सॉफ्टवेअर ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना एक वर्षासाठी फुकट देते आणि शिक्षण चालू असेपर्यंत दरवर्षी मुदत वाढवून मिळते. घोडं अडतं ते विद्यार्थी असल्याच्या पडताळणीपाशी, आणि पावती लागते ती तिथेच. आपल्याकडे गुजरातेत कागदोपत्री आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पोरं तोच क्रम फॉर्ममध्ये उतरवतात, म्हणजे आडनाव जाऊन बसतं ‘फर्स्ट नेम’च्या चौकटीत. मग नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत. तेव्हा नाव नावाच्या जागी, आडनाव आडनावाच्या जागी, आणि स्पेलिंग पावतीवर असेल तेच. तुमचं नाव, कॉलेजचं पूर्ण नाव आणि चालू वर्षाची तारीख एकाच कागदावर दिसायला हवी. ओळखपत्रावर तारीख बहुधा मागच्या बाजूला असते, म्हणून मी पावतीच लावायला सांगतो. फोटो खिडकीपाशी काढा, चारही कोपरे येऊ द्या. लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकली की नेमकी तारीखच दिसत नाही.

गणिती आकडेमोडीच्या मॅटलॅबसाठी आधी लॅबमध्ये विचारा. कॉलेजने कॅम्पस लायसन्स घेतलं असेल तर कॉलेजच्या ईमेलवरून ते घरच्या लॅपटॉपवरही चढवता येतं, आणि त्याचे पैसे कॉलेजने आधीच भरलेले असतात. हा ईमेल कित्येकांनी एकदाही उघडलेला नसतो! जेटब्रेन्सची प्रोग्रामिंगची साधनं आणि गिटहब या कोड ठेवायच्या साइटचा विद्यार्थी पॅकही त्याच पत्त्यावर मिळतो. कॉलेजकडे लायसन्स नसेल तर मॅटलॅब ब्राउझरमध्ये महिन्याला 20 तास फुकट चालतं. तेही संपलं तर मॅटलॅबसारखंच मोफत ऑक्टेव्ह घ्या. सेमिस्टरचे साधे प्रोग्राम त्यात बहुतेक जसेच्या तसे चालतात. मॅटलॅबसोबतचं, ठोकळे जोडून सिम्युलेशन करायचं सिम्युलिंक मात्र त्यात नाही, त्या कामाला सायलॅब या मोफत सॉफ्टवेअरमधलं एक्सकॉस बघा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमध्ये सायलॅबसारख्या मोफत सॉफ्टवेअरचे धडे आहेत. बरेच धडे मराठीत आणि गुजरातीतही ऐकायला मिळतात, त्यामुळे रूम पार्टनरचीही सोय होते.

कॉमर्सवाल्यांनी हिशेबाच्या टॅलीचा फुकटातला एज्युकेशनल मोड वापरावा. त्यात महिन्याच्या 1, 2 आणि 31 याच तारखांना व्हाउचर टाकता येतं, आणि एवढ्यावरच मुलं वैतागून क्रॅकच्या, म्हणजे लायसन्स तोडलेल्या चोरीच्या प्रतीच्या, मागे लागतात. अहो, पुस्तकातली 15 तारखेची खरेदी 2 तारखेला टाका, खरी तारीख नॅरेशनमध्ये लिहा. डेबिट-क्रेडिट त्याने बदलत नाही. बँक रिकन्सिलिएशनचा आणि व्याजाचा सराव तेवढा नीट होत नाही, त्यासाठी लॅबमध्ये या.

असल्या प्रती घेऊन होस्टेलवर फिरणाऱ्या पेनड्राइव्हबद्दल थोडक्यात. चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणं हा कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63ब खाली गुन्हा आहे. कमीत कमी सात दिवस कैद आणि 50,000 रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैदेऐवजी नुसता दंड करू शकतं. पोरांना कायद्याची भीती नसते हे मला ठाऊक आहे. पण जे सॉफ्टवेअर ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ म्हणतं, ते प्रोजेक्टच्या फाइली असलेल्या लॅपटॉपवर चढवायचं म्हणजे धन्य आहे.

डाउनलोड कित्येक जीबीचं असतं. मोबाइलच्या डेटावर करू नका, लॅपटॉप घेऊन लॅबमध्ये या. 4 जीबी रॅमवर रेव्हिटचा हट्ट धरू नका. नवा लॅपटॉप घेण्याआधी जुन्याची रॅम वाढते का ते विचारा.

आणि मामांच्या बांधकामाच्या साइटचे नकाशे विद्यार्थी लायसन्सवर काढून द्यायचे नाहीत, चहापाण्यापुरते पैसे मिळाले तरी नाहीत. ते लायसन्स फक्त शिकण्यासाठी असतं. असल्या कामाला नकाशे काढायचं मोफत लिब्रेकॅड घ्या.

शेवटच्या सेमिस्टरला, मुदत संपायच्या आत, ड्रॉइंग डीएक्सएफ आणि पीडीएफमध्ये, फ्यूजनचे पार्ट स्टेपमध्ये, रेव्हिटचं मॉडेल आयएफसीमध्ये, अशा दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही चालणाऱ्या फाइलींत काढून ठेवा. डीएक्सएफ, स्टेप आणि आयएफसी मोफत मिळणाऱ्या फ्रीकॅडमध्ये उघडतात, त्यामुळे इंटरव्ह्यूला काम दाखवायचं झालं तर अडत नाही.