उजेड आणि विजेवर एचएमएफचं एफडीसीए करताय? या चुका टाळा

उसाचं चिपाड, पऱ्हाट्या, तुराट्या यांना मराठवाड्यात तोटा नाही. त्यातल्या सेल्युलोजची साखर, साखरेचं एचएमएफ (हायड्रॉक्सिमिथिलफर्फ्युरल) आणि एचएमएफच्या ऑक्सिडेशनमधून प्लॅस्टिकला लागणारं एफडीसीए (फ्युरान डायकार्बोक्झिलिक आम्ल), हा प्रोजेक्ट म्हणूनच मोह पाडतो. फसगत शेवटच्या पायरीवर, म्हणजे उजेड आणि विजेने हे ऑक्सिडेशन करताना होते.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे ब्लँक, म्हणजे दिवा आणि वीज बंद ठेवून तुलनेसाठीचा रन, न घेणं. १ मोलर केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, तीव्र अल्कली) एचएमएफ नुसतं ठेवलं तरी गप्प बसत नाही. कॅनिझारो अभिक्रियेने त्याच्यातून एचएमएफसीए हे आम्ल तयार होतं, आणि विजेने होणाऱ्या ऑक्सिडेशनमधलं मधलं उत्पादनही तेच! काही भागाचं ह्युमिन, म्हणजे गडद रंगाचे पॉलिमर, होऊन द्रावण तपकिरी पडतं. म्हणजे एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) पीक दिसलं म्हणून श्रेय उत्प्रेरकाला देता येत नाही. तेवढाच वेळ, तेच तापमान ठेवून चार रन घ्या: दोन्ही बंद, फक्त दिवा, फक्त वीज, दोन्ही चालू. गाईड मागो न मागो.

मध्येच लाईट गेली तर पोटेन्शियोस्टॅट (सेलला ठरावीक व्होल्टेज देणारं यंत्र) थांबतो, केओएच थांबत नाही. तासाभराने लाईट आल्यावर तोच रन पुढे रेटू नका, नव्याने सुरू करा. उन्हाळ्यात हे सगळं आणखी वेगाने बिघडतं, त्यात दिव्याची उष्णता वेगळी. सेलला पाण्याचं जॅकेट हवंच. एचएमएफ साधारण ३० अंशांना वितळतं. मे महिन्यात रॅकवर ठेवलेल्या बाटलीत पातळ, काळपट काहीतरी सापडलं तर नवल नाही. ती फ्रीझरमध्येच ठेवा.

दुसरी चूक उसनवारीची. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या चा आणि चोई यांनी बिस्मथ व्हॅनेडेटच्या इलेक्ट्रोडवर उजेडाने हे ऑक्सिडेशन केलं, पण टेम्पो हा इलेक्ट्रॉनची ने-आण करणारा मध्यस्थ घालून आणि ९.२ पीएचला. तो इलेक्ट्रोड तिथून घेऊन निकेल उत्प्रेरकावरच्या दुसऱ्याच कुठल्या पेपरातल्या केओएचमध्ये बुडवला तर तो विरघळायला लागतो. टायटॅनियम डायऑक्साइडला तर अतिनील किरण लागतात. पांढऱ्या एलईडीखाली करंट येत नाही म्हणून कोटिंगला दोष देऊ नका.

चार्जचा हिशेब मात्र चोख ठेवा. एका रेणूला सहा इलेक्ट्रॉन लागतात. २० मिली, ५ मिलीमोलर द्रावण पूर्ण बदलायला साधारण ५८ कूलॉम. तीस कूलॉममध्येच शंभर टक्के उत्पादन दिसलं तर कॅलिब्रेशन तपासा, किंवा कोरड्या हवेत पाणी उडून द्रावण घट्ट झालंय का ते बघा. दीडशे लागले तर बहुतेक वीज ऑक्सिजनचे बुडबुडे काढण्यात गेली. निकेलवर केओएचमधल्या लोहाच्या अंशानेही ऑक्सिजन निघणं वाढतं. बोअरचं पाणी तर अजिबात नको.

उत्पादन कमी दिसतंय आणि बाकी सगळं ठीक आहे? मग नमुना कसा तयार केला ते आठवा. घट्ट नमुन्यात थेट आम्ल ओतलं की एफडीसीए साक्याच्या रूपात खाली बसतं आणि फिल्टरवरच राहतं. आधी पातळ करा, मग आम्ल घाला.