कोकणातल्या सुपरहिरोला शहर कसं द्यायचं

कॉमिक लिहायला घेतलंत की ड्रेस नंतर, आधी हिरोचं शहर ठरवा. बॅटमॅन १९३९ला आला तेव्हा तो चक्क न्यूयॉर्कमध्ये फिरायचा, गॉथम हे त्याचं काल्पनिक शहर मागाहून आलं, मग हळूहळू वेन घराणं (बॅटमॅनचं श्रीमंत खानदान), अर्कम असायलम (व्हिलन कोंडायचं वेड्यांचं इस्पितळ) वगैरे त्या शहराला चिकटत गेलं. त्यामुळे पहिल्याच पानावर अख्खा इतिहास ओतू नका.

शहर खाडीच्या तोंडाशीच वसवा, कारण खाडी आली की बंदर आलं, बंदर आलं की पैसा आणि भांडणं आपोआप येतात. दाभोळ बघा ना, आदिलशाहीतलं मोठं बंदर, १५०८च्या अखेरीस पोर्तुगीजांनी जाळलं, आणि आज तिथून धोपाव्याला फेरीबोटीत गाड्या चढवतात, एवढंच. तुमच्या शहरातही असं काहीतरी जळालेलं ठेवा, म्हणजे जकातीची पडकी चौकी, जोत्यावर जाळी वाळत घातलेली, ओल्या सुकटीचा वास आणि खाली भुयार, हिरोचा अड्डा तिथेच.

परका राजपुत्र हवाय? बिनधास्त घ्या. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८५ला हद्दपार झाला आणि १९१६ला रत्नागिरीतच वारला, त्यामुळे कुणी अविश्वास दाखवणार नाही.

व्हिलन म्हणून रात्री सक्शन पंप लावून वाळू उपसणारा शेठ पुरे, लेझरबिझर नको.

खरी अडचण सिक्रेट आयडेंटिटीची. आपल्याकडे एसटीतून उतरल्या उतरल्या "तू कुणाचो रे?" विचारतात, मास्क काय कामाचा! म्हणून त्याला चाकरमानी करा, गणपती-शिमग्यालाच येणारा, बाकी वर्षभर घराला कुलूप.